बेबेल स्टँडअलोन: बिल्ड न करता जुन्या ब्राउझरवर नवीन जावास्क्रिप्ट, वापरून काय वाटलं

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. बेबेल स्टँडअलोन (जावास्क्रिप्टचा नवीन कोड ब्राउझरमध्येच जुन्या पद्धतीत बदलून देणारं बेबेल) शिकायला, डेमो दाखवायला, काहीतरी पटकन करून बघायला फार सुंदर टूल आहे, पण जुना ब्राउझर वापरणाऱ्या लोकांसाठी म्हणून ते रोजच्या पानावर तसंच टाकून ठेवू नका, कारण ज्याचं मशीन सगळ्यात कमजोर त्याच्याच डोक्यावर सगळ्यात जड काम जाऊन पडतं. हे मला सुरुवातीला कळलंच नव्हतं, वापरता वापरता कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं काम साधं होतं. एका छोट्या वाचनालयासाठी पुस्तक शोधायचं पान. फ्रेमवर्क नाही, बिल्ड करायला (म्हणजे कोड आधी टूलमधून काढायला) लागणारे नोड आणि एनपीएम नाहीत, एक एचटीएमएल फाईल आणि एक जावास्क्रिप्ट फाईल, लिहायची आणि सर्व्हरवर टाकायची, झालं. मी आता जसं लिहायची सवय आहे तसंच लिहिलं, ॲरो फंक्शन, टेम्प्लेट लिटरल, असिंक-अवेट, डिस्ट्रक्चरिंग, असं सगळं नवीन व्याकरण. माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं, फोनवर चाललं. आणि मग कळलं की वाचकांसाठी टेबलावर ठेवलेला आयपॅड आयओएस ९.३.५ वर अडकलाय, त्याला पुढचं अपडेट मिळतच नाही, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरमुळे सगळं इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्येच उघडतात. दोन्हीकडे माझं पान म्हणजे वरती शीर्षक आणि खाली काहीच नाही. शोधायचं बटण दाबलं तरी ढिम्म.

कोणी म्हणेल आयपॅडवर क्रोम टाक. उपयोग नाही, कारण त्या काळच्या आयओएसवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत इंजिन ॲपलचंच असतं, जुन्या आयओएसवर जुनंच. म्हणजे सफारी ९ जे समजतं तेवढंच, आणि सफारी ९ ला ॲरो फंक्शन समजत नाही, ते सफारी १० मध्ये २०१६ ला आलं. आयई ११ तर २०१३ चा, म्हणजे ईएस६ चं (ॲरो वगैरे आणणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीचं) स्टँडर्ड २०१५ च्या जूनमध्ये पक्कं व्हायच्या दोन वर्षं आधीचा.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बाकी सगळं हिच्यावरच उभं आहे. सीएसएसमध्ये ब्राउझरला न कळणारी ओळ आली तर तो ती सोडून पुढे जातो, एचटीएमएलमध्ये अनोळखी टॅग आला तरी पान दिसतं, पण जावास्क्रिप्टमध्ये तसं नाही, ब्राउझर आधी पूर्ण फाईल वाचतो आणि तिच्यात एक जरी चिन्ह असं निघालं की जे त्याच्या व्याकरणात बसत नाही तर सिंटॅक्स एरर देऊन ती अख्खी फाईल टाकून देतो. शेवटच्या ओळीत एक ॲरो असला तरी पहिली ओळसुद्धा चालत नाही. त्यामुळे 'हे फीचर आहे का' असं त्याच फाईलमध्ये इफ लावून विचारायची सोयच नाही, ते इफ चालायच्या आधीच सगळं मेलेलं असतं.

बेबेल स्टँडअलोन यातून जी वाट काढतं ती मला मनापासून आवडली. स्क्रिप्ट टॅगचा टाइप ब्राउझरला माहीत नसलेला असला, म्हणजे 'टेक्स्ट/बेबेल' असं काही लिहिलं, तर ब्राउझर ती स्क्रिप्ट चालवतच नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहू देतो. मग पान वाचून झालं की बेबेल येतं, असे सगळे टॅग शोधतं, मजकूर उचलतं, त्याचं जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करतं आणि नवीन स्क्रिप्ट टॅग बनवून पानात चिकटवतं. टॅगवर डेटा-प्रीसेट्स लिहून 'एन्व्ह' हा नियमांचा संच सांगितला की झालं, आणि टार्गेट (कुठले ब्राउझर) काही दिलं नाही तर ते सरळ ईएस५ पर्यंत, म्हणजे ईएस६ च्या आधीच्या जावास्क्रिप्टपर्यंत, खाली उतरवतं. ॲरोचं साधं फंक्शन होतं, कॉन्स्टचं व्हार होतं, टेम्प्लेट लिटरलची जोडलेली स्ट्रिंग होते. दोन ओळी वाढवायच्या आणि बिल्ड वगैरे काही नाही. पहिल्यांदा टॅग बदलला, आयपॅडवर पान उघडलं आणि यादी आली ना, तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला होता. (अर्थात मध्ये काही एरर निस्तरल्या, त्या खाली सांगते.)

ही कल्पना नवीन नाही हेही सांगायला हवं. कॉफीस्क्रिप्टवाले असाच वेगळा टाइप लावून ब्राउझरमध्ये कंपाइल करायचे, गूगलचं ट्रेसर होतं, रिॲक्टचं जेएसएक्स ट्रान्सफॉर्मर होतं. बेबेल स्वतः २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेन्झीने '६टू५' नावाने सुरू केलं, २०१५ च्या सुरुवातीला नाव बदललं. बेबेल ५ पर्यंत ब्राउझरमध्ये चालणारी फाईल सोबतच यायची, ६ मध्ये ती काढून टाकली, मग डॅनियल लो निग्रोने ती वेगळी बांधून चालू ठेवली आणि २०१८ ला बेबेल ७ पासून ती परत अधिकृत पॅकेज झाली. म्हणजे एका माणसाने सांभाळून ठेवलं म्हणून ही सोय आज आहे, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

आता त्रास कुठे झाला ते.

सगळ्यात पहिला गैरसमज, जो माझाही होता, की बेबेल लावलं म्हणजे नवीन जावास्क्रिप्ट जुन्यावर चालणार. तसं नाहीये. बेबेल व्याकरण बदलतं, सामान पुरवत नाही. प्रॉमिस, ऑब्जेक्ट.असाइन, सिम्बॉल, ॲरेचं इन्क्लूड्स, या गोष्टी व्याकरण नाहीत, ब्राउझरच्या आत असायला लागणाऱ्या वस्तू आहेत, आणि आयई ११ मध्ये यातलं एकही नाही. तुमचा ॲरो बेबेल बदलून देईल पण तुम्ही प्रॉमिस लिहिलं तर ते प्रॉमिस म्हणूनच राहतं आणि 'प्रॉमिस इज अनडिफाइन्ड' म्हणून एरर येतो. त्यासाठी पॉलिफिल लागतं, म्हणजे ब्राउझरमध्ये नसलेली वस्तू भरून देणारा कोड, मी कोअर-जेएस घेतलं. आणि क्रम महत्त्वाचा आहे, कोअर-जेएस आधी, बेबेल नंतर, कारण बेबेलची फाईल स्वतःसुद्धा यातल्या काही वस्तू वापरते, ती जुन्या ब्राउझरवर स्वतः उभी राहिली तर तुमच्या कोडचं काहीतरी करणार ना. मी आधी उलटं लावलं होतं आणि आयईमध्ये बेबेलच पडत होतं, मी मात्र माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसले होते. कोअर-जेएसची ब्राउझरसाठी एकत्र बांधलेली मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा वगैरे काढून लहान केलेली) फाईल वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते, तीच घ्या, नाहीतर बिल्ड करावं लागतं आणि मग या सगळ्याला अर्थच राहत नाही.

बरं कोअर-जेएस लावलं तरी संपलं नाही. ते भाषेतल्या वस्तू देतं, ब्राउझरच्या सगळ्या वस्तू देत नाही. यूआरएल आणि यूआरएल-सर्च-पॅरॅम्स त्यात आहेत, नोडलिस्टचं फॉर-ईच आहे, पण फेच (सर्व्हरवरून डेटा आणायची सोय) नाही. सफारीमध्ये फेच १०.१ ला आलं, म्हणजे आयपॅडवर प्रॉमिस होतं, फेच नव्हतं. त्याचं वेगळं पॉलिफिल आणावं लागलं. एलिमेंटचं क्लोझेस्ट आयईमध्ये नाही आणि कोअर-जेएसमध्येही नाही, ते मी चार ओळी हाताने लिहून भागवलं. अशी एकेक गोष्ट एकेका एररमधून समजते, कारण एक एरर सुटला की दुसरा दिसतो, सगळे एकदम दिसत नाहीत. आयईच्या एफ१२ मध्ये निदान कन्सोल तरी आहे, आयपॅडची कन्सोल बघायची तर तो वायरने मॅकला लावावा लागतो, मॅक नसेल तर एरर पकडून पानावरच छापायचा. तो एरर छापणारा तुकडा जुन्या पद्धतीने वेगळ्या टॅगमध्ये सगळ्यात वर लिहा, हे मी सगळ्यांना सांगेन, यानेच माझे कितीतरी तास वाचले.

असिंक-अवेटची एक गंमत आहे. जुन्या बेबेलमध्ये ते वापरलं की 'रीजनरेटर-रनटाइम इज नॉट डिफाइन्ड' असा एरर यायचा आणि त्याची वेगळी फाईल आणावी लागायची. बेबेल ७.१८ पासून, म्हणजे मे २०२२ पासून, तो तुकडा आपोआप आउटपुटमध्येच घातला जातो. म्हणून जुने सल्ले वाचून रीजनरेटर वेगळं जोडत बसू नका, आधी आपलं व्हर्जन बघा.

आता इम्पोर्ट. माझी फाईल एकच होती म्हणून वाचले. पण मध्ये मला कोड दोन फाईलींत वाटायची हौस आली, इम्पोर्ट लिहिलं आणि लगेच 'रिक्वायर इज नॉट डिफाइन्ड'. कारण बेबेल इम्पोर्टला नोडच्या पद्धतीच्या रिक्वायरमध्ये बदलतं आणि ब्राउझरमध्ये रिक्वायर नावाची वस्तूच नसते. टॅगवर डेटा-टाइप मॉड्यूल लिहायची सोय आहे पण मग ब्राउझरला मुळात मॉड्यूल कळायला हवेत, आणि ते कळत असते तर आपण इथे आलोच नसतो. यूएमडीचं प्लगइन लावून फाईली ग्लोबलमधून एकमेकींना देता येतात, ते चालतं, पण ते करताना मला वाटलं की आता आपण हाताने बिल्ड टूलच बनवतोय. परत एकच फाईल केली.

पुढचा मुद्दा छोटा वाटतो पण मला त्याने पूर्ण एक संध्याकाळ छळलं. मी कोड डीओएम-कंटेंट-लोडेड या इव्हेंटवर, म्हणजे पान वाचून झाल्याच्या इशाऱ्यावर, चालू करते, जुनी सवय. बेबेल लावल्यावर एरर काहीच नाही, कोड बदलून आलेला दिसतोय, पण चालत नाही. का, तर बेबेल स्वतःच त्या इव्हेंटची वाट बघतं आणि तो आल्यावर कामाला लागतं, म्हणजे तुमचा कोड जेव्हा म्हणतो की मला त्या इव्हेंटला बोलाव तेव्हा तो इव्हेंट येऊन गेलेला असतो, तुमच्यासाठी परत येत नाही. उपाय सोपा आहे, त्या इव्हेंटमध्ये गुंडाळूच नका, सरळ चालवा, पान तोपर्यंत वाचून झालेलंच असतं. तसंच, पानात नंतर स्क्रिप्टने 'टेक्स्ट/बेबेल'वाला टॅग घातला तर बेबेलला तो दिसत नाही, ट्रान्सफॉर्म-स्क्रिप्ट-टॅग्ज हाताने बोलवावं लागतं. आणि फाईलवर डबल क्लिक करून पान उघडलं तर बाहेरची बेबेल स्क्रिप्ट लोड होत नाही, कारण ती ब्राउझर नाही तर बेबेल आणतं, एक्सएचआरने (डेटा आणायच्या जुन्या पद्धतीने), आणि डिस्कवरच्या फाईलला ते साधारणपणे ब्लॉक असतं. छोटा का होईना, लोकल सर्व्हर लागतो. ज्यांच्या साइटवर कडक सीएसपी (पानात कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या त्याचे नियम) आहे त्यांनी तर नादच सोडावा, बदललेला कोड पानात इनलाइन स्क्रिप्ट म्हणून घुसतो, त्यासाठी बऱ्याचदा अनसेफ-इनलाइन ही परवानगी उघडावी लागते, आणि फक्त एवढ्यासाठी मी ते कुणालाच सुचवणार नाही.

हे सगळं सुटलं. जे सुटलं नाही ते वजन.

बेबेल स्टँडअलोनची मिनिफाय केलेली फाईल साधारण तीन एमबीच्या आसपास आहे. माझा स्वतःचा कोड त्याच्यापुढे काहीच नाही, तो काही केबींमध्ये बसतो. सर्व्हरने कॉम्प्रेस करून पाठवली तर डाउनलोड कमी होतं, आणि एकदा कॅशमध्ये बसली की परत यायला नको, हे खरं, मी पण आधी हेच म्हणून स्वतःची समजूत घातली होती. पण डाउनलोड हा अर्धाच खर्च आहे. कॅशमधून आली तरी ती तीन एमबी जावास्क्रिप्ट प्रत्येक वेळी पान उघडल्यावर त्या जुन्या प्रोसेसरला वाचावी लागते, मग चालवावी लागते, मग ती माझा कोड वाचते, त्याचं झाड बनवते, ते झाड बदलते, परत मजकूर लिहिते, आणि मग कुठे तो मजकूर ब्राउझर नव्याने वाचून चालवतो. आणि हे सगळं मेन थ्रेडवर, म्हणजे तेवढा वेळ पान गोठलेलं. माझ्या लॅपटॉपवर हे जाणवतही नाही. आयपॅडवर माणूस पान उघडतो, काही दिसत नाही म्हणून रिफ्रेश दाबतो, आणि रिफ्रेश दाबलं की सगळं पहिल्यापासून. मी तिथे बसून हे बघितलंय. एक आजोबा तीनदा रिफ्रेश करून उठून गेले. त्यांना लेखकाचं नाव टाकून पुस्तक शोधायचं होतं, बाकी काही नाही, आणि त्यांच्यासाठीच मी हे सगळं करत होते.

तेव्हापासून माझं मत बदललं. बेबेल दर वेळी कन्सोलमध्ये एक वॉर्निंग छापतं की तुम्ही ब्राउझरमधला ट्रान्सफॉर्मर वापरताय, खऱ्या वापरासाठी स्क्रिप्ट आधीच कंपाइल करून ठेवा. मी ती कितीतरी दिवस बघून न बघितल्यासारखी केली. ती वॉर्निंग खरी आहे.

पण मला लगेच सोडायचं नव्हतं, म्हणून आधी त्याला हलकं करायचे प्रयत्न केले, त्यातला एक मला अजूनही आवडतो. मॉड्यूल आणि नोमॉड्यूलची युक्ती. आपली फाईल एकदा टाइप मॉड्यूल म्हणून लावायची, तीच फाईल परत 'टेक्स्ट/बेबेल' म्हणून लावायची, आणि कोअर-जेएस, फेचचं पॉलिफिल आणि बेबेल यांच्या टॅगवर नोमॉड्यूल लिहायचं. नवीन ब्राउझर नोमॉड्यूलवाल्या जड फाईली सोडून देतो, 'टेक्स्ट/बेबेल' त्याला कळत नाही म्हणून तेही सोडून देतो, आणि मूळ फाईल तशीच चालवतो. जुना ब्राउझर मॉड्यूल सोडतो आणि बाकीचं सगळं घेतो. एकच सोर्स फाईल, दोन्हीकडे चालते, इफ नाही, ब्राउझरचं नाव तपासणं नाही. फक्त दोन फटी आहेत. सफारी १०.१ ला मॉड्यूल कळतात पण नोमॉड्यूल कळत नाही, तो दोन्ही चालवतो, म्हणून कोड दोनदा सुरू झाला तर काही बिघडणार नाही असा एक झेंडा (आधीच सुरू झालंय का ते सांगणारा व्हेरिएबल) लावून ठेवा. आणि दुसरी फट मोठी आहे, मधल्या पिढीची. आयओएस १२ वर अडकलेले बरेच फोन आहेत, आयफोन ५एस, आयफोन ६, त्यांना मॉड्यूल व्यवस्थित कळतात म्हणून ते नवीन बाजूला जातात, पण प्रश्नचिन्ह आणि टिंबवालं ऑप्शनल चेनिंग सफारीत १३.१ ला, २०२० मध्ये आलं, ते त्यांना कळत नाही, मग परत सिंटॅक्स एरर आणि कोरं पान. म्हणजे ही युक्ती वापरायची तर ऑप्शनल चेनिंग, दोन प्रश्नचिन्हांवालं नलिश, क्लासमधली प्रायव्हेट फील्ड असलं काही लिहायचं नाही अशी शिस्त पाळावी लागते.

दुसरा प्रयत्न, बदललेला कोड लोकल-स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, ठेवायचा. टॅग सोडून द्यायचा, बेबेलचं ट्रान्सफॉर्म फंक्शन हाताने बोलवायचं, आलेलं आउटपुट फाईलच्या व्हर्जन नंबरसकट साठवायचं, आणि पुढच्या वेळी ते सापडलं तर बेबेल लोडच करायचं नाही. हे झकास चालतं. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर पान चटकन उघडतं. पहिल्या वेळचं गोठणं टाळायला ते काम वेब वर्करमध्ये (पान न अडवता मागे चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) पाठवता येतं, आयई १० पासून वर्कर आहेत. पण ते सगळं जुन्या व्याकरणात लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक वाचकाच्या मशीनवर एकदा तेच काम करून घेतेय जे मी माझ्या मशीनवर एकदाच करू शकते, आणि आउटपुट तर सगळ्यांकडे अक्षरशः सारखंच निघतं.

मग मी ते उलटवलं. एक साधं पान बनवलं, त्यात दोन मोठे मजकुराचे चौकोन आणि एक बटण, आणि बेबेल स्टँडअलोन. डाव्या चौकोनात माझा नवीन कोड टाकायचा, बटण दाबायचं, उजवीकडे ईएस५ येतो, तो कॉपी करून दुसऱ्या नावाने सेव्ह करायचा आणि सर्व्हरवर टाकायचा. नोड नाही, एनपीएम नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही, तरी वाचकाच्या ब्राउझरवर बेबेलचा एक केबीसुद्धा जात नाही. ट्रान्सपायलिंग, म्हणजे हे रूपांतर, ब्राउझरमध्येच झालं, फक्त माझ्या. बेबेलच्या साइटवरही असं करून बघायचं पान आहे, पण मला स्वतःचं बरं वाटलं, कारण व्हर्जन माझ्या हातात राहतं. वर सांगितलेली मॉड्यूल-नोमॉड्यूलची जोडी तशीच ठेवली, फक्त नोमॉड्यूल बाजूला आता ही तयार फाईल आहे. आयपॅडवर पान उघडायला आता कोणी रिफ्रेश दाबत नाही. कोड बदलला की बटण दाबायला विसरायचं नाही एवढीच एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, दोनदा विसरले, मग दोन्ही फाईलींच्या वर व्हर्जन लिहायला लागले.

फाईल कुठून घ्यायची याबद्दल पण सांगते. डॉक्युमेंटेशनमध्ये सीडीएनची (फाईली वाटणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरची) लिंक असते, व्हर्जन नंबर न लिहिलेली, ती नेहमी सगळ्यात नवीन व्हर्जनकडे नेते. प्रयोगाला ठीक आहे. पण जुन्या ब्राउझरसाठी काही करताय तर व्हर्जन पिन करा, म्हणजे एकच ठरवून घ्या, आणि फाईल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. एक तर उद्या नवीन व्हर्जनने स्वतःच नवीन व्याकरण वापरायला सुरुवात केली तर तुमच्या जुन्या ब्राउझरला बेबेलच वाचता येणार नाही. दुसरं म्हणजे जुनी मशीन बऱ्याचदा सीडीएनपर्यंत पोचतच नाहीत. अँड्रॉइड ५ च्या आधी सुरक्षित कनेक्शनसाठीचं टीएलएस १.२ डिफॉल्ट चालू नव्हतं, आणि ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडवर साइट्सना सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट नाही. जावास्क्रिप्टचा प्रश्न त्यानंतर येतो. आणि तिसरं, पॉलिफिल.आयओचं काय झालं ते आठवा, हजारो साइट्स तिथून पॉलिफिल घेत होत्या, २०२४ च्या फेब्रुवारीत ते डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं आणि जूनमध्ये त्यातून घातक कोड यायला लागला. दुसऱ्याच्या डोमेनवरून आलेली स्क्रिप्ट तुमच्या पानावर तुमच्याइतक्याच हक्काने चालते. कॉपी करून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

काही गोष्टी कशानेच होत नाहीत, तेही माहीत असू द्या म्हणजे वेळ जाणार नाही. प्रॉक्सी नावाची वस्तू जुन्या ब्राउझरमध्ये पूर्णपणे बनवता येत नाही, म्हणून व्ह्यू ३ हे फ्रेमवर्क आयई ११ वर चालत नाही, कितीही ट्रान्सपाइल करा. रिॲक्टने १८ व्या व्हर्जनला, २०२२ मध्ये आयई सोडला. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं लुकबिहाइंड बेबेल बदलू शकत नाही, आणि ते सफारीत थेट १६.४ ला, २०२३ मध्ये आलं, म्हणजे तो त्रास फार जुन्या मशीनपुरताही नाही. बिगइंटही (मोठ्या आकड्यांचा प्रकार) बेबेल बदलू शकत नाही. आणि सीएसएस तर वेगळाच विषय, आयईमध्ये सीएसएस व्हेरिएबल नाहीत, माझं पान चालायला लागलं तेव्हा सगळे रंग गायब होते.

बाकीची टूलं पण चाळून बघितली. ब्यूब्ले लहान आणि वेगवान आहे, पण असिंक-अवेट बदलत नाही, माझ्या कोडला नाही चाललं, साध्या कोडला छान आहे. सुक्रेज फार वेगवान म्हणतात आणि आहे, पण त्याचा उद्देशच वेगळा, ते टाइपस्क्रिप्ट आणि जेएसएक्स काढून देतं, ॲरो तसाच ठेवतं, जुन्या ब्राउझरला काही फायदा नाही. ईएसबिल्डची ब्राउझरवाली आवृत्ती वेबअसेम्ब्लीवर चालते, जी आयई ११ आणि सफारी ९ मध्ये नाही, आणि शिवाय ईएस५ पर्यंत ती पूर्ण खाली उतरवतही नाही. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर ब्राउझरमध्ये चालतो, ईएस५ पण देतो, पण तो बेबेलपेक्षाही जड आहे. म्हणजे फिरून परत बेबेलच.

माझे स्टार: शिकायला आणि शिकवायला पाचपैकी पाच, कुणाला काही इन्स्टॉल न करता आजच्या आज कोड लिहायला बसवायचं असेल तर याच्याइतकं सोपं मला दुसरं माहीत नाही. स्वतःच्या ब्राउझरमध्ये कन्व्हर्टर म्हणून वापरायला साडेचार, अर्धा कापला कारण कुठलं पॉलिफिल लागेल ते ते सांगत नाही, ते आपल्यालाच एरर बघून शोधावं लागतं. वाचकाच्या जुन्या मशीनवर थेट चालवायला दोन, आणि ते दोनसुद्धा अशासाठी की कोऱ्या पानापेक्षा उशिरा येणारं पान बरं.

कोणाला ते दोन चौकोनांचं पान बनवायचं असेल तर एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्म बोलवताना सोर्स-टाइप 'स्क्रिप्ट' द्या, नाहीतर बेबेल तुमची फाईल मॉड्यूल समजतं, वरती यूज-स्ट्रिक्ट घालतं आणि सगळ्यात वरच्या पातळीवरचा धिस अनडिफाइन्ड करून टाकतं. जुन्या लायब्ररी त्या धिसलाच विंडो समजतात, त्यांच्यावर तो एरर येतो आणि आपण शोधत राहतो भलतीकडेच.